तीन महिन्यांत प्लंबिंग डिझायनर? भिवंडीच्या पोरांना बटणं विकणं बंद करा!

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. पण घरात आयटीआय किंवा सिव्हिल डिप्लोमा करून रिकामं बसलेलं पोरगं असेल तर शेवटपर्यंत वाचा. आणि कुठल्या क्लासची फी भरायला निघाला असाल तर भरण्याआधी वाचा.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतला एक मुलगा घरी आला. वडील वीस वर्षं लूमवर होते. कारखाना बंद झाला, आता गोदामात माल उतरवतात. मुलगा सिव्हिल डिप्लोमा. हातात लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट, त्यावर सोनेरी अक्षरात 'बीआयएम एमईपी प्लंबिंग डिझाइन, मास्टर कोर्स'. तीन महिने, पस्तीस हजार फी. आईने भिशी उचलून भरली.

"काका, तीन इंटरव्ह्यू झाले. तिन्हीकडून परत पाठवलं. तुम्ही पेपरवाले, कुठे ओळख असेल तर बघा ना."

म्हटलं, ओळखीचं नंतर बघू, आधी काय विचारलं ते सांग.

पहिल्या ठिकाणी विचारलं, चार इंची सांडपाण्याच्या पाइपला उतार किती देशील? याने उत्तर दिलं, सॉफ्टवेअरमध्ये डिफॉल्ट असतो तो. समोरचे हसले. दुसऱ्या ठिकाणी विचारलं, गच्चीवरची टाकी दोन मीटर उंच आहे, तिच्या खालच्या मजल्यावर शॉवर नीट चालेल का? हा म्हणाला, चालेल. तिसऱ्या कंपनीने टेस्ट म्हणून एक फाइल मेल केली. ती याच्या लॅपटॉपवर उघडलीच नाही. क्लासवाल्याने पेन ड्राइव्हवरून चोरीची जुनी आवृत्ती टाकून दिली होती. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली रेव्हिटची फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. ही पहिल्या दिवशी सांगायची गोष्ट. पस्तीस हजारांत तेवढीही सांगितली नाही.

क्लासचं नाव लिहिणार नाही. एका क्लासचा प्रश्न असता तर लिहिलं असतं. आता तर प्रत्येक नाक्यावर बोर्ड आहे, '१०० टक्के जॉब'. कसला जॉब, कुठे, किती पगार, विचारलं की 'सर मीटिंगमध्ये आहेत'.

ज्यांना हा विषय नवीन आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. पूर्वी इमारतीचा नकाशा म्हणजे कागदावरच्या रेषा. आता बीआयएममध्ये अख्खी इमारत कॉम्प्युटरमध्ये उभी करतात. भिंत, बीम, पाइप, नळ, कमोड, सगळं. पाइप बीममधून जात असेल तर बांधायच्या आधी स्क्रीनवर कळतं. नागपूर मेट्रोचं काम करताना हे तंत्र वापरलं गेलं. यातलं रेव्हिट हे सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी १९९७ मध्ये अमेरिकेत सुरू झाली आणि २००२ मध्ये ऑटोडेस्कने ती विकत घेतली. परदेशातल्या इमारतींचे पाइप काढून देण्याचं काम भारतातल्या ऑफिसांत चालतं. म्हणजे काम खरं आहे, नोकऱ्या खऱ्या आहेत. माझा राग सॉफ्टवेअरवर नाही.

मी पत्रकारितेचा डिप्लोमावाला. माझं कॉम्प्युटरचं ज्ञान म्हणजे बातमी टाइप करणं. पण न बघता लिहायचं नाही, ही सवय आहे. भाच्याचा लॅपटॉप मागितला, तीस दिवसांची ट्रायल उतरवली आणि रोज रात्री पेपरचं काम संपलं की बसलो.

पहिल्या रात्री पाइप काढला. मेसेज आला की पाइप तयार झाला, पण या नकाशात दिसणार नाही. अर्धा तास डोकं खाजवलं. नंतर कळलं की नकाशा वरून खाली ठरावीक खोलीपर्यंतच बघतो आणि सांडपाण्याचा पाइप लादीच्या खाली आहे. ती खोली वाढवली तेव्हा दिसला. दुसऱ्या रात्री कमोडला पाइप जोडेना. दिसायला छान कमोड, पण तो नुसता आकार. पाइप जिथे जोडायचा ते तोंडच त्याला दिलेलं नव्हतं. तिसऱ्या रात्री उतार दिला आणि एल्बो जुळेनात. आठव्या रात्री मात्र एक आख्खं बाथरूम उभं राहिलं. थंड पाणी निळं, सांडपाणी हिरवं, माऊसने गोल फिरवता येतं. खोटं कशाला बोलू, व्हॉट्सअॅपला स्टेटस ठेवलं.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गळतीसाठी मिस्त्री आले. पस्तीस वर्षं याच कामात, शाळा चौथीपर्यंत. त्यांना कौतुकाने स्क्रीन दाखवली. चष्मा वर करून त्यांनी बोट ठेवलं.

"पत्रकारसाहब, ये पाइप तो ऊपर चढ रहा है. मैला ऊपर कैसे जाएगा?"

बघितलं तर खरंच. उतार देताना दिशा उलटी झाली होती. कमोडकडून चेंबरकडे जाताना पाइप वर चढत होता. आठ रात्री सॉफ्टवेअरने एका शब्दाने हटकलं नाही. रंग हिरवा, सगळं जोडलेलं, फिरवून बघायला झकास.

दुसरं बोट त्यांनी नहाणी ट्रॅपवर ठेवलं. "इसका हवा किधर से आएगा?" व्हेंट पाइपच काढला नव्हता. मला माहीतच नव्हतं की असतो.

त्या पाच मिनिटांत मला जे कळलं ते त्या मुलाला तीन महिन्यांत कुणी सांगितलं नव्हतं. चार इंची पाइपला मिस्त्री फुटाला पाव इंच उतार धरतात, म्हणजे ४८ ला १. कमी दिला तर मैला बसतो. फार जास्त दिला तर पाणी पुढे पळतं आणि घट्ट माल मागे राहतो. ट्रॅपमध्ये साधारण ५० मिलिमीटर पाणी अडून राहिलं पाहिजे, तेच गटारातल्या हवेला घरात यायला अडवतं. वरच्या मजल्यावर कुणी फ्लश केलं आणि पाइपला हवा मिळाली नाही, तर ते अडलेलं पाणी ओढलं जातं. मग आपण महिनोन्महिने फिनाइल ओततो आणि म्हणतो, बाथरूमला वास का येतो?

प्रश्न वासाचाच असता तर एवढं लिहिलं नसतं. २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्सची साथ पसरली. ३०० हून जास्त रहिवाशांना लागण झाली. तपासात जो मार्ग पुढे आला, त्यात बाथरूममधले कोरडे पडलेले ट्रॅप होते. एक्झॉस्ट फॅन चालू केला की सांडपाण्याच्या पाइपमधली हवा घरात ओढली जायची. उंच उंच टॉवर, शिकलेली माणसं, आणि घात झाला तो दोन इंच पाण्याने.

आता आकड्यांकडे या. मी त्या मुलाला विचारलं, आपल्या बिल्डिंगला रोज किती पाणी लागतं? गप्प. भारतीय मानकांप्रमाणे घरगुती वापराला माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. २८ फ्लॅट, घरटी पाच माणसं, म्हणजे १४० माणसं. १४० गुणिले १३५, रोजचं १८,९०० लिटर. यावरून खालची टाकी, वरची टाकी, पंप ठरतो. पाचवीच्या मुलाला जमेल असा गुणाकार आहे. क्लासमध्ये झाला नाही, कारण तो बटणात नाही.

दाबाचंही तसंच. दहा मीटर उंचीचं पाणी म्हणजे साधारण एक बार. टाकी शॉवरच्या दोन मीटर वर असेल तर ०.२ बार, म्हणजे शॉवरमधून धार कसली, ठिबक. बूस्टर पंप लागेल. त्याच टाकीतून सात मजले खाली तळमजल्याला दोन बारच्या वर दाब जातो. इंटरव्ह्यूतल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच होतं.

आणि आता जी गोष्ट भिवंडीकरांनी नीट वाचावी असं मला वाटतं ती.

पाइपची जाडी ठरवताना सॉफ्टवेअर प्रत्येक नळाला, कमोडला, बेसिनला गुण देतं. गुणांची बेरीज करून अमेरिकेतल्या प्लंबिंग कोडच्या तक्त्यावरून प्रवाह काढतं. या पद्धतीचं मूळ रॉय हंटर नावाच्या अमेरिकन संशोधकाच्या कामात आहे. १९४० मध्ये त्यांनी ती मांडली. विचार साधा आणि हुशार आहे. इमारतीतले सगळे नळ एकाच वेळी उघडत नाहीत, म्हणून सगळ्यांची बेरीज धरायची गरज नाही, किती एकत्र उघडतील याची शक्यता धरा. पैसे वाचतात, पाइप बारीक चालतो.

चोवीस तास पाणी असलेल्या गावात हे बरोबर आहे. पण शांतीनगरच्या चाळीत जाऊन बघा. पाणी यायची वेळ झाली की काय होतं? सगळे नळ एकदम उघडतात! ड्रम, पिंप, बादल्या, हंडे, सगळं एकाच वेळी. ज्याच्याकडे टुल्लू आहे तो थेट लाइनीला टुल्लू लावतो. हंटरसाहेबांनी जे होणार नाही असं धरलं, तेच आपल्याकडे रोज ठरल्या वेळी होतं. थेट लाइनीवर जगणाऱ्या वस्तीला तो तक्ता लावला तर शेवटच्या घरातल्या बाईने हंडा घेऊन उभं राहायचं आणि पाणी गेलं की परत जायचं. चूक तिची नाही. चूक ज्याने तक्ता न वाचता बटण दाबलं त्याची.

टुल्लूची दुसरी भानगड तर जिवावरची आहे. लाइनीतून पाणी ओढलं की पाइपमधला दाब शून्याच्या खाली जाऊ शकतो. पाइपला कुठे भेग असेल आणि शेजारून गटार जात असेल, तर त्या भेगेतून बाहेरची घाण आत ओढली जाते. आपल्याच जातकुळीचं गाव आहे इचलकरंजी, यंत्रमागांचं. २०१२ मध्ये तिथे दूषित पाण्यातून काविळीची मोठी साथ आली, माणसं दगावली. पाण्याची आणि सांडपाण्याची लाइन कुठून कशी जाते, हा चित्रकलेचा विषय नाही.

आपलं पाणी येतं कुठून? थोडं स्टेमकडून, थोडं मुंबई महापालिकेकडून, थोडं वऱ्हाळा तलावातून. मुंबईला पाणी नेणाऱ्या मोठाल्या जलवाहिन्या आपल्या तालुक्यातून जातात, पांजरापूरचं शुद्धीकरण केंद्र आपल्याच तालुक्यात. जगात पाइप शिकायला याहून चांगली शाळा कुठली? आणि आपली पोरं काय शिकतात, तर अमेरिकेतल्या बंगल्याचं मॉडेल. तळघर, लाकडी भिंती, तांब्याचे पाइप, बाथटब. सरावाची फाइल तीच येते म्हणून तीच काढतात. सीपीव्हीसी, यूपीव्हीसीचे आपल्या बाजारातले साइज सॉफ्टवेअरमध्ये स्वतः भरावे लागतात, हेसुद्धा त्या मुलाला माहीत नव्हतं.

काही मित्र म्हणतील, 'अरे, कंपन्यांना मॉडेलर हवा असतो. डिझाइन तिकडचा इंजिनीअर करतो. पोराने फक्त लाल खुणा बघून पाइप काढायचा. एवढं ज्ञान कशाला?' बरोबर आहे, सुरुवातीची नोकरी तशीच असते. पण मग बोर्डावर 'डिझायनर' कशाला लिहिता? 'पाइप काढणारा' लिहा आणि फी तेवढीच घ्या. आणि ज्याला पाइप का काढतोय हे कळत नाही, तो पाच वर्षांनीही लाल खुणाच बघत बसतो. आमच्या लूमवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. मशीनवर उभा राहणारा आणि मशीन समजणारा यांच्यातला फरक या गावाने मंदीत बघितलाय.

दुसरे म्हणतील, 'क्लासने सॉफ्टवेअर शिकवायचं, बाकी कॉलेजने शिकवायला हवं होतं.' हेही अर्धं खरं. सरकारी व्यवस्थेत प्लंबर हा आयटीआयचा एक वर्षाचा ट्रेड आणि ड्राफ्ट्समन सिव्हिल हा दोन वर्षांचा. एकाच्या हातात पाना, दुसऱ्याच्या हातात माऊस. या दोघांना एका बाकावर का बसवत नाही? पाना धरणाऱ्याला माऊस दिला तर तो कुणाच्या बापाला ऐकणार नाही, आणि माऊसवाल्याने चार दिवस पाना धरला तर त्याचा पाइप वर चढणार नाही. मिस्त्रींकडे जे आहे ते कुठल्या पुस्तकात मराठीत नाही, आणि ते त्यांच्याबरोबरच जाणार आहे. त्यांच्या स्वतःच्या मुलांना या धंद्यात यायची लाज वाटते. तोच धंदा एसी ऑफिसमध्ये इंग्रजी नावाने विकला की आपण भिशी उचलून फी भरतो.

आणि आपण पालक? मुलगा कोर्सला गेला, लॅपटॉपवर रंगीत काहीतरी फिरतंय, म्हणजे प्रगती आहे असं धरून चालतो. एकाने तरी विचारलं का, बाळा, आपल्या घरातलं पाणी कुठे जातं ते दाखव?

म्हणून जो नव्याने शिकतोय त्याला माझा सरळ सल्ला. मी तज्ज्ञ नाही, पण तीस रात्री ठेचा खाल्ल्यात.

१. पहिला महिना ओळखीच्या मिस्त्रीबरोबर फिरा. फुकट हातभार लावा. चेंबर उघडताना नाक धरा, पण बघा.

२. कागद-पेन्सिल घ्या. आपल्या बिल्डिंगची माणसं मोजा, पाणी काढा, टाक्या मोजा, पाइप कुठून कुठे जातो ते हाताने काढा.

३. राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६, भाग नववा प्लंबिंगचा. डिक्शनरी घेऊन बसा. रोज एक पान पुरे.

४. मग सॉफ्टवेअर. मान्यताप्राप्त कॉलेजचे विद्यार्थी असाल तर ऑटोडेस्क शिकण्यापुरता परवाना मोफत देतं, दरवर्षी नवा करून घ्यायचा. त्यावर धंद्याचं काम करता येत नाही, हे लक्षात ठेवा. विद्यार्थी नसाल तर फ्रीकॅड आहे, कायमचं मोफत. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली, बीआयएमची सोय आतच आहे. चोरीच्या पेन ड्राइव्हला हात लावू नका.

५. पहिलं मॉडेल स्वतःच्या घराच्या बाथरूमचं. आणि झाल्यावर ते मिस्त्रीला दाखवा. त्याने बोट ठेवलं की वाईट वाटून घेऊ नका.

आणि ज्यांच्या हातात आहे त्यांच्याकडे या मागण्या.

क्लासवाल्यांनी अभ्यासक्रम, शिकवणाऱ्याचं शिक्षण आणि सॉफ्टवेअरचा परवाना दारावर लावावा. नोकरीचा दावा असेल तर लेखी द्यावा, नाहीतर बोर्ड उतरवावा.

आयटीआयच्या लॅब संध्याकाळी उघड्या ठेवाव्यात. प्लंबर आणि ड्राफ्ट्समनच्या पोरांना एकत्र बसवावं आणि जुन्या मिस्त्रींना मानधन देऊन शिकवायला बोलवावं. भाषा मराठी, हिंदी, उर्दू, जी समजेल ती.

महापालिकेने नवीन इमारतीच्या पाण्या-सांडपाण्याचा नकाशा गांभीर्याने तपासावा आणि त्याची प्रत सोसायटीला मिळेल हे बघावं. आज गळती झाली की आख्खी भिंत फोडून पाइप शोधतो आपण, कारण कागद कुणाकडेच नसतो. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे पटेल कंपाउंडमध्ये जिलानी इमारत कोसळली, तीसहून जास्त माणसं गेली. ती गळतीमुळे पडली असं मी म्हणत नाही. पण भिंतीतली गळती लोखंडाला गंज चढवते हे कुठलाही मिस्त्री सांगेल, आणि या गावाला गळतीकडे दुर्लक्ष करणं परवडणार नाही.

त्या मुलाचं काय झालं? नोकरी अजून नाही, खोटं सांगणार नाही. पण गेले तीन आठवडे तो सकाळी मिस्त्रींबरोबर जातो आणि रात्री आमच्या बिल्डिंगचं मॉडेल काढतो. टेप घेऊन सगळं मोजलं. परवा मला बोलावलं. पिण्याच्या पाण्याची जमिनीतली टाकी आणि सांडपाण्याचं चेंबर यांच्यात जेमतेम तीन फूट अंतर, आणि चेंबरचा तळ टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या वर. म्हणजे चेंबर गळलं तर घाण टाकीच्या भिंतीकडेच जाणार. वर्षानुवर्षं आम्ही सगळे त्याच झाकणावरून चालत गेलो, कुणाला कळलं नाही. स्क्रीनवर त्याने इमारत आडवी कापून दाखवली तेव्हा दिसलं.

रविवारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये लॅपटॉप मांडला. वर्गणीवरून भांडणं झालीच. पण चेंबर हलवायचं ठरलं, आणि तोवर टाकी साफ करून पाणी तपासून घ्यायचं ठरलं. मिस्त्री मागे उभे होते. मुलाने मॉडेल फिरवलं की ते मान डोलवत होते.

हे सॉफ्टवेअर याच कामाचं आहे. पण ते काम पस्तीस हजारांच्या बटणांनी झालं नाही. टेप, मिस्त्री आणि शरम न बाळगता विचारलेले प्रश्न, यांनी झालं.

तुमच्या घरी असं लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट पडलेलं असेल तर कमेंटमध्ये लिहा. क्लासचं नाव नको, काय शिकवलं आणि काय शिकवलं नाही तेवढं लिहा. आणि तुम्ही स्वतः जुने मिस्त्री असाल, किंवा तुमचे अब्बा, बाबा, चाचा या कामात असतील, तर मेसेज करा. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दर रविवारी सकाळी पोरांना बसवायचा विचार आहे. लॅपटॉप पोरांचे, पाइपचे तुकडे मिस्त्रींचे, चहा माझा.